मिक्सर फिरला, न्याहारी झाली?

सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यासारख्या गावात न्याहारी म्हटली की भाकरी-ठेचा, धपाटे, नाहीतर फोडणी दिलेला सुशीला. या पंगतीत आता स्मूदी येऊन बसली आहे. मोबाइलवर रील बघायची, केळी, पपई, पालक, बीट असं घरात जे असेल ते मिक्सरच्या भांड्यात टाकायचं, झाकण हाताने दाबून धरायचं आणि दोन मिनिटांत पेला तयार! सोयाबीन काढणीच्या किंवा हळद शिजवण्याच्या धांदलीत हे किती सोयीचं आहे ते घर सांभाळणारीला विचारा. पण हा पेला खरंच पौष्टिक आहे का? आहे, आणि नाहीही. त्यात काय पडलं, किती पडलं आणि सोबत काय खाल्लं, यावर सगळं ठरतं. त्या पेल्याच्या या काही चटकदार गोष्टी.

१७ मिनिटं, ६ मिनिटं, दीड मिनिट

१९७७ साली ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला आणि तो ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आला. दहा जणांना सफरचंद तीन प्रकारे दिलं: एकदा अख्खं चावून खायला, एकदा लगदा करून आणि एकदा गाळलेला रस. कर्बोदकं तिन्ही वेळा सारखीच, ६० ग्रॅम. अख्खी सफरचंदं संपवायला सुमारे १७ मिनिटं लागली, लगद्याला ६ आणि रसाला अवघं दीड मिनिट. पोट सगळ्यात जास्त भरलं ते चावून खाल्लेल्यांचं, सगळ्यात कमी रस प्यायलेल्यांचं. लगदा मध्ये. रस प्यायल्यावर इन्सुलिन जास्त उसळलं आणि थोड्या वेळाने रक्तातली साखर जास्त घसरली. अकरा वाजताच पुन्हा भूक का लागते, याचं उत्तर यात आहे.

स्मूदी म्हणजे तो मधला लगदा. चोथा आत असतो, म्हणून रसापेक्षा बरी. चावणं होत नाही, म्हणून अख्ख्या फळापेक्षा उणी. आणि एक गैरसमज इथेच काढून टाकू. मिक्सरचं पातं चोथा मारत नाही, फक्त बारीक करतं. चोथा जातो तो गाळणीत. स्मूदी गाळून पिणारा माणूस फळाचा सगळ्यात कामाचा भाग उकिरड्यावर टाकतो.

बी दळली तर फायदा, बी दळली तर घात

२०२२ साली अमेरिकेतल्या सोका विद्यापीठात निरोगी तरुणांना सफरचंद आणि ब्लॅकबेरी आधी अख्खी आणि मग मिक्सरमधून काढून दिली. सगळ्यांना वाटत होतं, मिक्सरमधली फळं साखर जास्त चढवतील. झालं उलटंच! दळलेल्या फळांनंतर रक्तातली साखर कमी चढली. संशोधकांचा अंदाज असा की ब्लॅकबेरीच्या बारीक बिया फुटल्या आणि त्यातला चोथा व इतर द्रव्यं मोकळी झाली. प्रयोग लहान होता, पण मिक्सरवरचा सरसकट ठपका त्याने पुसला.

बियांचं हे कौतुक सीताफळाला मात्र लावू नका. बालाघाटाच्या रानातलं सीताफळ मराठवाड्याचा अभिमान, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. पण त्याची बी विषारी असते. उवा मारायला ही बी वाटून लावायची जुनी पद्धत आहे, आणि ती पूड डोळ्यात गेल्याने डोळ्यांना गंभीर इजा झाल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत. सीताफळाची रबडी असो की स्मूदी, एकेक बी बोटाने चाचपून काढल्याशिवाय गर भांड्यात जाता कामा नये. सफरचंदाचा बियांचा गाभाही काढूनच टाका.

जवसाचं उलट आहे. अख्खा जवस दातांतून निसटला की पोटातूनही तसाच निसटतो. त्यातलं ओमेगा-३ अंगी लागायचं तर तो दळायलाच हवा. मराठवाड्यातल्या घरांनी जवस भाजून कुटून चटणी केली ती उगाच नव्हे. त्याच चटणीच्या डब्यातला जवस, तिखट-मीठ घालायच्या आधी, एक चमचा पेल्यासाठी बाजूला ठेवा.

कुणाचं कुणाशी पटत नाही

केळं हा स्मूदीचा पाटील, त्याच्यावाचून पान हलत नाही. पण २०२३ साली डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून एक गंमतशीर निष्कर्ष आला. चिरलेलं केळं ज्यामुळे काळं पडतं, ते पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर केळ्यात भरपूर असतं. द्राक्षं, स्ट्रॉबेरी, कोको यांत हृदयाला हितकर अशी फ्लॅव्हॅनॉल नावाची द्रव्यं असतात. केळ्याचं विकर ती फस्त करतं. केळ्याच्या स्मूदीबरोबर फ्लॅव्हॅनॉल घेतलेल्यांच्या रक्तात त्यांचं प्रमाण, नुसती कॅप्सूल घेतलेल्यांच्या तुलनेत, ८४ टक्क्यांनी कमी भरलं. केळं वाईट ठरलं का? मुळीच नाही. फक्त द्राक्षांच्या मोसमात द्राक्षं वेगळी खा, आणि केळ्याची जोडी दह्याशी किंवा आंब्याशी जमवा.

पपई आणि दूध यांचंही फार वेळ जमत नाही. पपईतलं पपेन दुधाची प्रथिनं तोडतं, आणि पेला तासभर ठेवला की कडवट लागायला लागतो. अननसाचं तेच. लगेच प्यायलात तर काही बिघडत नाही. संत्रं किंवा मोसंबी दुधात घातली तर दूध फाटतं, कारण आंबटपणा एका मर्यादेपलीकडे गेला की दुधातलं केसीन गोळा होतं. चरकसंहितेने विरुद्ध आहाराच्या यादीत दूध आणि आंबट फळं एकत्र बसवली आहेत. आंबट फळ घालायचंच तर दूध सोडा, दही घ्या. ते आधीच विरजलेलं असतं.

पेल्याचा हिशेब

आता जरा आकडेमोड करू. दोन मध्यम केळी, एक चिकू, एक कप दूध, वर दोन चमचे साखर किंवा मध. घरोघर बनणारी हीच ती ‘हेल्दी’ स्मूदी. यात चारशेच्या वर कॅलरी आणि फळांची, दुधाची, वरून घातलेली अशी सगळी धरून पन्नास ग्रॅमच्या पुढे साखर जाते. कॅलरी दोन-अडीच ज्वारीच्या भाकरींइतक्या, पण भाकरीसारखं दुपारपर्यंत धरून ठेवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, पाच टक्क्यांच्या आत आली तर उत्तमच. पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. मध या यादीत साखरेच्याच रांगेत उभा आहे, हे लक्षात ठेवा. ब्रिटनमध्ये सरकारी सल्ला तर थेट आहे: रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटर, म्हणजे आपला एक छोटा पेला, त्यापुढे नाही. आणि त्यात पाच फळं घातली तरी ती एकाच वाटणीत मोजायची.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेलं ताट बघितलं की आपलं कुठे चुकतं ते चटकन दिसतं. २००० कॅलरींच्या आहारात भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम. चारास एक! आपल्या पेल्यात हे प्रमाण नेमकं उलटं होतं: तीन फळं आणि नावाला चार पानं पालक. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की स्मूदी करायची तर भाजीची करा, फळ तिला चवीपुरतं घाला. काकडी, गाजर, बीट, टोमॅटो, कोथिंबीर, पुदिना, त्यात अर्धं केळं किंवा एक लहान पेरू. पेरू स्वस्त, गावात सहज मिळणारा, आणि त्याच वजनाच्या संत्र्याच्या कितीतरी पट जास्त क जीवनसत्त्व देणारा.

दुधी: आधी चकती चाखा

ही गोष्ट चटपटीत नाही, पण ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहाटे उठून दुधीचा रस पिणारे गावोगाव आहेत. दुधी, काकडी, दोडका ही सगळी एकाच कुळातली. या कुळात क्युकरबिटॅसिन नावाचं कडू विष असतं. घरच्या वाणात ते नगण्य असतं, पण एखाद्या फळात अचानक वाढतं. बाहेरून दुधी तसाच हिरवागार दिसतो, हाताला काही कळत नाही. देशात कडू दुधीच्या रसाने उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी होऊन माणसं दगावली आहेत. २०१८ मध्ये पुण्यातही असा मृत्यू झाला. त्याआधीच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमून सल्ला दिला होता.

तो सल्ला अगदी साधा आहे. दुधी चिरला की देठाकडची एक पातळ चकती जिभेवर ठेवा. कडू लागली तर थुंका, आणि अख्खा दुधी फेकून द्या. आलं, लिंबू, मध घालून कडूपणा झाकू नका, कारण जीभ देत असलेला इशाराच त्याने बंद होतो. दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नका, असं समितीने सांगितलं ते याचसाठी. ‘औषध कडूच असतं’ म्हणत डोळे मिटून पेला रिकामा करणारा कुणी घरात असेल, तर त्याला आजच हे वाचून दाखवा. प्यायल्यावर मळमळ, उलटी सुरू झाली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

हिरव्या पेल्याचा खडा

पालकाची कच्ची स्मूदी सगळ्यात लोकप्रिय. पालकात लोह आहे, फोलेट आहे आणि ऑक्झलेटही आहे, तेही भरपूर. कॅल्शियमच्या मुतखड्याचा हा मोठा भागीदार. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका ६५ वर्षांच्या बाईंची नोंद केली. वजन उतरवायला हिरव्या स्मूदीचा कडक क्रम पाळला आणि मूत्रपिंडं निकामी झाली. त्यांच्या जठरावर आधी शस्त्रक्रिया झालेली होती आणि प्रतिजैविकंही घेतलेली होती, म्हणजे धोका आधीपासून होता. धडधाकट माणसाने घाबरायचं कारण नाही. पण आपल्याकडे मार्च ते जून घाम धो-धो, पाणी पिणं कमी, आणि बऱ्याच घरांत कुणाला तरी मुतखड्याचा इतिहास. अशांनी कच्चा पालक रोज पिऊ नये.

यावर तोडही आपल्याच घरात आहे. पालक उकळत्या पाण्यातून काढून ते पाणी टाकलं की ऑक्झलेट बरंचसं जातं. आणि सोबत दही घातलं तर दह्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. आपल्या दह्यातल्या पालकाच्या कोशिंबिरीत हे दोन्ही आपसूक होतं!

हिरव्या पेल्यात अर्धं लिंबू मात्र जरूर पिळा. पाल्याभाजीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व मदत करतं, आणि चहा नेमकं उलट करतो. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. हिरव्या पेल्यानंतर तासभर चहा मागे ढकलणं, एवढ्यानेही काम होतं.

हिंगोलीचं सोनं पेल्यात

हिंगोली जिल्ह्यात हळदीचा विषय निघाला की बोलणं लांबणारच. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तिथे हळद संशोधन केंद्रही उभं राहिलं आहे. आणि शहरातल्या कॅफेत ‘गोल्डन स्मूदी’ म्हणून जे दोनशे रुपयांना विकतात, त्यातलं सोनं इथल्याच शेतातून निघतं.

पण चिमूटभर हळदीकडून फार अपेक्षा करू नका. हळदीत कर्क्युमिन असतं ते जेमतेम दोन ते पाच टक्के, आणि शरीर तेही धड शोषत नाही. १९९८ साली बंगळूरुच्या संशोधकांनी दोन ग्रॅम शुद्ध कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं पिपरिन फक्त २० मिलिग्रॅम दिलं, तर शोषण वीसपट झालं. म्हणून हळद घालताना मिरपूड आणि थोडी स्निग्धता, म्हणजे सायीचं दही किंवा शेंगदाणे, हवेतच. दोन ग्रॅम शुद्ध कर्क्युमिनसाठी ४० ते १०० ग्रॅम हळद लागेल, तेव्हा पेल्यातली हळद चवीची आणि रंगाची. आजाराचा इलाज डॉक्टरांकडे.

आणि हिंगोलीकरांनी विसरू नये अशी एक गोष्ट. १९९५ मध्ये अमेरिकेने जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला देऊन टाकलं. आपल्या आजीने कापलेल्या बोटावर दाबलेली हळद, तिचं पेटंट! डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुन्या ग्रंथांचे आणि लेखांचे पुरावे काढून लढा दिला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द करायला लावलं.

यंत्राची कुंडली

१९२२ साली अमेरिकेतल्या स्टीफन पोपलॉस्की यांनी पेल्याच्या तळाशी फिरतं पातं बसवलं, तेही माल्टचं दूध ढवळायला. १९३७ मध्ये फ्रेड वॉरिंग या वाद्यवृंदाच्या संचालकाने आपला ब्लेंडर बाजारात आणला. तो प्रयोगशाळेतही शिरला. पोलिओ लसीच्या कामात जोनास साल्क यांनी तो वापरला, आणि १९५२ मध्ये हर्षी आणि चेस यांनी आनुवंशिकतेचं द्रव्य डीएनए आहे याचा पुरावा दिला, तो याच स्वयंपाकघरातल्या यंत्राच्या मदतीने. आपल्याकडे १९६३ साली मुंबईच्या सत्यप्रकाश माथुर यांनी ‘सुमीत’ काढला, कारण परदेशी मिक्सर आपल्या ओल्या वाटणापुढे दम टाकायचे.

मिक्सरची एक सवय मात्र लावून घ्या. भांड्याखालचं पातं आणि त्याची रबरी चकती यांच्या बेचक्यात कालचा लगदा चिकटून राहतो. वरून भांडं चकचकीत, पण बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं. स्मूदी उकळली जात नाही, तेव्हा हा बुळबुळीतपणा थेट पोटात जातो. पेला भरला की लगेच भांड्यात कोमट पाणी आणि साबणाचे दोन थेंब घालून दोन गरके द्या. चकती निघत असेल तर काढून घासा. पावसाळ्यात कच्चा पाला वापरायचा तर तीन पाण्यांतून धुवा.

झटपट चार

बीट प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी दिसली तर घाबरू नका. काही जणांना असं होतं, तो बीटाचाच रंग. बीट न खाताच दिसली तर मात्र डॉक्टर.

पपनस घालताना औषधांची चिठ्ठी बघा. त्याचा भाऊबंद ग्रेपफ्रूट काही रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतो. हे कळलं तेही अपघाताने: कॅनडातल्या संशोधकांनी मद्याची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि गोळीचं प्रमाण भलतंच वर गेलं.

एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या पेल्यात मध कधीही नको.

आंबट स्मूदीनंतर लगेच दात घासू नका. चूळ भरा, अर्धा तास थांबा.

आंबील होतीच की

पेल्यातली न्याहारी आपल्याला नवी आहे असं कुणी म्हणू नये. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून शिजवलेली आंबील, शिकरण, उन्हाळ्यात पन्हं, घुसळून निघालेलं ताक, हे सगळं रवीच्या काळापासून चालत आलेलं आहे. माझ्या मते यातली आंबील आजच्या कुठल्याही स्मूदीला भारी पडते. धान्य आहे, ताक आहे, आंबवण आहे आणि साखर नाही. शहरात स्मूदीत ओट्स भिजवून घालतात. आपण ज्वारीच्या लाह्या घालाव्यात. नागपंचमीला घरोघर फुटणाऱ्या या लाह्या दह्यात पाच मिनिटं भिजवल्या की पेला दाट होतो आणि पोट टिकून राहतं. प्रथिनांसाठी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे. बाहेरून आणलेल्या पावडरीच्या डब्याची गरज नाही.

तर मग, करायची का?

करा, रोज नाही तरी आठवड्यात तीन-चार दिवस करा. एक वाटी दही, मूठभर ज्वारीच्या लाह्या, अर्धी काकडी, थोडं गाजर किंवा बीट, कोथिंबिरीच्या चार काड्या, अर्धं केळं किंवा एक लहान पेरू, चमचाभर जवसाची पूड, लिंबू, मीठ, मिरपूड आणि हवी तर चिमूटभर हळद. साखर नाही, मध नाही, गाळणी नाही. एवढ्यात दोघांचे छोटे पेले होतात. ते बसून, घोट घोट प्या आणि सोबत अर्धी भाकरी चावून खा. दातांना काम आणि पोटाला आधार, दोन्ही त्यातूनच मिळतं. घरात मधुमेहाचा किंवा मूत्रपिंडाच्या विकाराचा रुग्ण असेल, तर त्याच्या पेल्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि लहान मुलांना फळ हातात द्या, पेल्यात नको; पेरू कचाकचा चावून खायची सवय लहानपणीच लागते.